'तुंबाड' दोनदा लागला: एकाच चित्रपटाच्या दोन प्रदर्शनांचा प्रकरण अभ्यास

12 ऑक्टोबर 2018 च्या शुक्रवारी 'तुंबाड' हा हिंदी भयपट पहिल्यांदा लागला. पहिल्या दिवसाचा निव्वळ गल्ला, म्हणजे कर वजा जाता तिकिटांचे पैसे, सुमारे 65 लाख रुपये होता. 13 सप्टेंबर 2024 च्या शुक्रवारी तोच चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्याच दिवशी दीड कोटीच्या वर गेला. 2018 मध्ये सगळे आठवडे मिळून साडेतेरा कोटींच्या आसपास जमा झाले होते. 2024 मध्ये जवळपास तेवढे पैसे पहिल्या आठवड्यात आले आणि शेवटचा आकडा तीस कोटींच्या पुढे गेला. मधली बरीच वर्षं चित्रपट प्राइम व्हिडिओवर घरबसल्या पाहता येत होता, म्हणजे तिकीट काढणाऱ्यांपैकी अनेकांनी तो आधीच पाहिलेला होता.

मुख्य प्रवाहातल्या हिंदी सिनेमाची काय अवस्था झाली आहे, यावर बोलताना आपण बहुतेक वेळा दोन वेगळ्या चित्रपटांची तुलना करतो आणि वाद आवडीनिवडीवर येऊन थांबतो. इथे तसं होत नाही. चित्रपट तोच आहे. बदलली ती प्रदर्शनाची तारीख, कर, स्पर्धा, प्रेक्षकाची माहिती आणि थिएटरवाल्यांची गरज. त्यामुळे 'लोक आता थिएटरला येत नाहीत', 'ओटीटीने धंदा मारला', 'मोठा स्टार असल्याशिवाय तिकीट विकत नाही' ही नेहमीची विधानं या एका प्रकरणावर तपासून पाहता येतात.

मुळात चित्रपट कसा होता

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी याचा पहिला मसुदा 1997 मध्ये लिहिला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं. भीतीचं बीज नारायण धारपांच्या कथेत आहे, आणि ज्यांनी धारपांची 'आजी' वाचली आहे त्यांना चित्रपटातली साखळीने बांधलेली म्हातारी लगेच ओळखू येते. निर्माते आले आणि गेले. चित्रीकरण 2012 मध्ये सुरू झालं, जमलेलं पुरेसं वाटलं नाही म्हणून बराच भाग नव्याने चित्रित झाला आणि काम 2015 मध्ये संपलं. पडद्यावर दिसणारा पाऊस मिळवायला पावसाळ्यांची वाट पाहिली गेली. पंकज कुमार यांचं छायाचित्रण, येस्पर कीड यांचं पार्श्वसंगीत, अजय-अतुल यांचं एक गाणं, ज्योती माळशे आणि अनिता दाते यांच्यासारखे मराठी रंगभूमी-पडद्यावरचे कलाकार. नायक सोहम शाह, जे स्वतः निर्मातेही आहेत. ओपनिंग, म्हणजे पहिल्या दिवसांची मोठी कमाई, मिळवून देईल असा एकही चेहरा त्यात नव्हता.

पटकथेची बांधणी इथे तपशिलाने पाहायला हवी, कारण पुढच्या सगळ्या हिशेबाचं मूळ तिच्यात आहे. गोष्ट 1918, 1933 आणि 1947 अशा तीन काळांत घडते. हस्तर हा मोहरांचा खजिना राखणारा शापित देव. त्याचे नियम मोजके आहेत: तो धान्याचा भुकेला आहे, कणकेची बाहुली दिसली की तो येतो, तो ती खात असेपर्यंत त्याच्या लंगोटातून जेवढ्या मोहरा ओरबाडता येतील तेवढ्या ओरबाडायच्या, आणि पिठाच्या रिंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. हे नियम प्रेक्षकाला वेळेत कळतात आणि एकदाही मोडले जात नाहीत. शेवटी नायकाच्या पोराच्या डोक्यात येतं की एकाऐवजी खूप बाहुल्या नेल्या तर? मग त्या नियमांनुसारच जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. शेवट आधी ठाऊक असला तरी दुसऱ्यांदा पाहताना मजा कमी होत नाही, कारण पहिल्या अर्ध्या तासातली प्रत्येक वस्तू शेवटच्या प्रसंगासाठी पेरलेली सापडते. पुन्हा पाहण्याजोगा चित्रपट म्हणजे हाच. गेल्या काही वर्षांतल्या कित्येक महागड्या हिंदी चित्रपटांत मध्यंतरापूर्वी सांगितलेला नियम मध्यंतरानंतर नायकाच्या सोयीसाठी गुंडाळला जातो. असा चित्रपट एकदाही धड बघवत नाही. दुसऱ्यांदा कोण बघणार?

2018: कुठे अडकलं

चांगल्या चित्रपटांना वाईट चित्रपट दाबतात, ही समजूत इथे लागू पडत नाही. 'तुंबाड'च्या आदल्याच शुक्रवारी, 5 ऑक्टोबरला, 'अंधाधुन' आला होता आणि तोंडोतोंडी वाढत होता. सहा दिवसांनी, 18 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर 'बधाई हो' आला. दोन्ही उत्तम चित्रपट. 'तुंबाड' त्यांच्यामध्ये सापडला. त्याच दिवशी आणखी दोन-तीन हिंदी चित्रपटही लागले होते, म्हणजे उरलेल्या स्क्रीनचेही तुकडे झाले. व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटाने झाली होती आणि तो मान मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट होता, पण अशा बातमीने नागपूर किंवा कोल्हापुरातला रात्रीचा शो भरत नाही. शिवाय प्रमाणपत्र 'ए'. अठराखालची मुलं बाद, कुटुंबं बाद, आणि तसाच्या तसा टीव्हीवर दाखवण्याची सोयही बाद.

तरीही पहिल्या सोमवारचा गल्ला शुक्रवारच्या जवळपास राहिला. धंद्यात याला 'होल्ड' म्हणतात आणि चित्रपटाची खरी परीक्षा हीच असते. शुक्रवार ते रविवार जाहिरात विकते, सोमवारी चित्रपट विकला जातो. साधारण चित्रपट सोमवारी शुक्रवारच्या निम्म्यावर येतो. 'तुंबाड' आला नाही. पहिल्या आठवड्याची कमाई पूर्ण कमाईच्या निम्म्याहूनही कमी होती, म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे नंतर आले. आणि तेही शो कमी-कमी होत गेलेले असताना.

पैसे कसे वाटले जातात

मल्टिप्लेक्स आणि निर्माता-वितरक यांच्यात 2009 मध्ये मोठा संप झाला. एप्रिल ते जून नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सला जवळजवळ आलेच नाहीत. त्यातून जी वाटणी ठरली ती अशी: कर वजा जाता पहिल्या आठवड्यात वितरकाला 50 टक्के, दुसऱ्या आठवड्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30. चित्रपटाने मल्टिप्लेक्समध्ये 17.5 कोटींचा टप्पा ओलांडला तर पहिल्या दोन आठवड्यांत अडीच टक्के जास्त.

आता दोन काल्पनिक चित्रपट घेऊ. दोघांचा निव्वळ गल्ला 10 कोटी. पहिला वाजतगाजत येतो आणि पडतो: आठवड्यागणिक 8 कोटी, 1.5 कोटी, 40 लाख, 10 लाख. दुसरा हळूहळू पसरतो: 4, 3, 2 आणि 1 कोटी. पहिल्याच्या वितरकाला 4 कोटी, 63.75 लाख, 15 लाख आणि 3 लाख, म्हणजे एकूण 4 कोटी 81.75 लाख मिळतात. दुसऱ्याला 2 कोटी, 1 कोटी 27.5 लाख, 75 लाख आणि 30 लाख, म्हणजे 4 कोटी 32.5 लाख. लोकांना जो जास्त आवडला त्याच्या निर्मात्याच्या हाती 49.25 लाख रुपये कमी आले, आणि चार आठवडे जाहिरात जिवंत ठेवायचा खर्च वेगळाच. निर्माता सगळा जीव ओपनिंगमध्ये का ओततो, हे इथे कळतं. त्याच्या हाती असलेलं हत्यार म्हणजे पहिल्या तीन दिवसांचा गाजावाजा, आणि तो चेहऱ्यावर होतो.

उलटी बाजूही बघा. थिएटरवाल्याला दुसऱ्या प्रकारचा चित्रपट जास्त फायद्याचा आहे: पहिल्यातून 5.18 कोटी, दुसऱ्यातून 5.67 कोटी. वर पॉपकॉर्नचे पैसे, ज्यांत वितरकाचा हिस्सा नसतो. 2023-24 मध्ये पीव्हीआर आयनॉक्ससारख्या मल्टिप्लेक्सच्या साखळीत सरासरी तिकीट अडीचशेच्या पुढे होतं आणि माणशी खाण्यापिण्याचा खर्च सव्वाशेच्या पुढे. मग थिएटरवाला चालता चित्रपट का उतरवतो? कारण पुढच्या शुक्रवारचं वचन आधीच दिलेलं असतं. मोठा वितरक ठरावीक स्क्रीन आणि ठरावीक शो मागतो, एकपडदा थिएटरकडून तर दिवसाचे सगळे शो मागितले जातात. नाही म्हटलं तर त्याचा त्यापुढचा चित्रपट मिळेल की नाही याची धास्ती. 2024 च्या दिवाळीत, 1 नोव्हेंबरला, दोन मोठे हिंदी चित्रपट एकाच दिवशी येत होते तेव्हा स्क्रीनवाटपाचं भांडण स्पर्धा आयोगाच्या दारापर्यंत गेलं. हे मराठी प्रेक्षकाला नव्याने सांगायला नको. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारला मराठी चित्रपटांच्या प्राइम टाइमसाठी नियम करावा लागला तो याच दाबामुळे, आणि तरीही 'शो सकाळी नऊचा मिळाला' ही व्यथा थांबलेली नाही.

लहान चित्रपटावर आणखी एक बोजा आहे तो व्हर्च्युअल प्रिंट फीचा. डिजिटल प्रोजेक्शनच्या कंपनीला निर्माता दर स्क्रीनमागे पैसे देतो. चित्रपटाची कूटबद्ध फाइल थिएटरला जाते आणि ती उघडायची किल्ली त्या स्क्रीनपुरती, ठरलेल्या मुदतीपुरती मिळते. दोनशे आसनांचं सभागृह दिवसातून पाच वेळा पंधरा टक्के भरलं तर दीडशे तिकिटं. निव्वळ दीडशे रुपयांप्रमाणे 22,500, त्यातले वितरकाचे 11,250. असे दोन दिवस चालून शो काढून घेतला तर त्या स्क्रीनची फी आणि शहरातली जाहिरात यांतच बहुतेक रक्कम संपते. म्हणून लहान चित्रपटाने जास्त स्क्रीन घेणं हा बहुतेक वेळा आत्मघात ठरतो.

करही होता. ऑक्टोबर 2018 मध्ये शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 28 टक्के जीएसटी होता. 1 जानेवारी 2019 पासून तो 18 झाला. दोनशे रुपयांच्या तिकिटात 2018 साली 156 रुपये 25 पैसे निव्वळ उरत, 2024 मध्ये 169 रुपये 49 पैसे.

2018 च्या दिवाळीतलं दुसरं टोक

'तुंबाड'नंतर चारच आठवड्यांनी, 8 नोव्हेंबर 2018 ला, 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' आला. देशात पाच हजारांच्या आसपास स्क्रीन, वाढवलेले तिकीटदर, पहिल्या दिवशी 50 कोटींच्या वर गल्ला. हिंदी चित्रपटासाठी तो तेव्हाचा विक्रम होता. पहिल्या चार दिवसांत त्याने पूर्ण कमाईच्या तीन चतुर्थांशाहून जास्त रक्कम गोळा केली आणि मग तो कोसळला. प्रेक्षकाने दुसऱ्याच दिवशी निकाल दिला होता, उरलेले तीन दिवस आगाऊ विक्री आणि सुट्टी वसूल झाली.

इथे प्रेक्षकाचं जे नुकसान होतं त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. चौघांचं कुटुंब वाढीव दराने तिकिटं काढतं, गाडी लावायचे आणि खाण्याचे पैसे देतं आणि निराश होऊन परततं. पुढच्या वेळी ते थांबून बघतं. असे पाच-सहा अनुभव जमले की 'आठ आठवड्यांनी ओटीटीवर येईलच' ही सवय होते. ओटीटीने प्रेक्षक पळवला असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा: विश्वास आधी गेला, पर्याय नंतर सापडला. 2024 मध्ये करण जोहर यांनी जाहीरपणे विचारलं की साडेतीन कोटींचं ओपनिंग देणारा अभिनेता 35 कोटी मागतो, हे गणित बसायचं कसं. प्रश्न अगदी रास्त आहे. पण ते मानधन ज्या व्यवस्थेने वाढवलं तिने कित्येक वर्षं ओपनिंगशिवाय दुसरं काही विकत घेतलंच नव्हतं.

2024: काय बदललं होतं

पहिली गोष्ट, कॅलेंडर रिकामं होतं. 15 ऑगस्टला आलेला 'स्त्री 2' प्रचंड चालला. त्यानंतर थेट दिवाळीपर्यंत मोठा हिंदी चित्रपट जवळजवळ नव्हता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येणारा एक चित्रपट पुढे ढकलला गेला. पडदे उघडे ठेवायचे तर काहीतरी दाखवायला हवं होतं, म्हणून साखळ्यांनी जुन्या चित्रपटांकडे हात पसरला. 'लैला मजनू' हा 2018 चाच पडलेला चित्रपट 9 ऑगस्टला पुन्हा लागला आणि काही दिवसांतच त्याने आपली पहिल्या खेपेची कमाई मागे टाकली. 'तुंबाड'साठी वाट तिथून मोकळी झाली.

दुसरी गोष्ट, सहा वर्षांत लोकांनी चित्रपटाची जाहिरात फुकट केली होती. 'थिएटरमध्ये बघायचा राहून गेला' ही हळहळ हजारोंच्या मनात होती. 2018 मध्ये बारा वर्षांची असलेली मुलं आता अठराची होती, आणि 'ए' प्रमाणपत्र त्यांच्या आड येत नव्हतं. शिवाय हा चित्रपट घरात अर्धाच दिसतो. पावसाचा आवाज, गर्भागारातला लालसर अंधार, कंदिलाच्या उजेडात हरवणाऱ्या कडा, हे सगळं मोबाइलवर काळ्या डागासारखं दिसतं. मोठा पडदा लागतो तो खर्चासाठी नाही, अंधार नीट दिसावा म्हणून. आमच्या मते दुसऱ्या खेपेच्या यशाचं सगळ्यात कमी बोललं गेलेलं कारण हे आहे.

तिसरी, दर आणि शो. पुनर्प्रदर्शनाची तिकिटं बऱ्याच ठिकाणी नव्या मोठ्या चित्रपटांपेक्षा स्वस्त होती. 20 सप्टेंबरला राष्ट्रीय चित्रपट दिनाचं 99 रुपयांचं तिकीट होतं, आणि त्या दुसऱ्या शुक्रवारी 'तुंबाड'ने पहिल्या शुक्रवारपेक्षा जास्त कमाई केली. दुसरा आठवडा पहिल्याच्या अगदी जवळ राहिला, जिथे नव्या चित्रपटांची पन्नास-साठ टक्के घसरण नेहमीची मानली जाते. संध्याकाळचे आणि रात्रीचे शो मिळाले, भरले, म्हणून वाढले. 2018 मध्ये नेमकी हीच साखळी तुटली होती. 13 सप्टेंबरलाच करीना कपूरचा एक नवा गुन्हेपट लागला होता. पहिल्या दिवशी सहा वर्षं जुना चित्रपट त्याच्या पुढे होता.

या प्रकरणातून काय सिद्ध होत नाही

जुने चित्रपट लावले की धंदा सुटतो, असं यातून निघत नाही. पुनर्प्रदर्शनाला निर्मितीखर्च नसतो, जाहिरात थोडकी असते, म्हणून तिथे तीस कोटी डोंगराएवढे दिसतात. नव्या चित्रपटाला हा फायदा नाही. शिवाय जुन्या चित्रपटांचा साठा आटतो. 2025 च्या फेब्रुवारीत 'सनम तेरी कसम'ने पुन्हा हाच पराक्रम केला, पण त्या काळात पुन्हा लागलेले कितीतरी चित्रपट दोन-तीन दिवसांत गपचूप उतरले. ज्यांच्यावर पहिल्या वेळी अन्याय झाल्याची भावना मागे उरली होती, ते चालले. जे मुळातच भरपूर पाहिले गेले होते त्यांना बहुतेक ठिकाणी एखाद-दुसरा उत्साहाचा शो मिळाला.

ओटीटीही इथे निव्वळ खलनायक ठरत नाही. 'तुंबाड'ला प्रेक्षक तिथेच सापडला. पण त्या सहा वर्षांत निर्मात्याचं जे भांडवल अडकलं, दिग्दर्शकाची जी वर्षं गेली, त्यांची भरपाई उशिरा आलेल्या टाळ्यांनी होत नाही. पुढच्या भागाची घोषणा झाली तेव्हा बर्वे त्यात नव्हते.

असाच नवा चित्रपट आज आला तर

दोन्ही खेपांचे आकडे समोर ठेवून प्रदर्शनाचा आराखडा असा बसतो. तारीख निवडताना आदला आणि पुढचा शुक्रवार दोन्ही तपासायचे. सणाच्या आठवड्याआधीचा शुक्रवार टाळायचा, कारण सहाव्या-सातव्या दिवशी स्क्रीन जाणार हे तेव्हाच ठरलेलं असतं. सुरुवात दीडशे-दोनशे स्क्रीनने करायची, पण प्रत्येक ठिकाणी संध्याकाळी सहा ते रात्री दहामधला एक तरी शो लेखी मागायचा. सकाळचे चार शो मिळण्यापेक्षा रात्रीचा एक बरा. गुरुवारी मोठ्या आठ-दहा शहरांत पैसे घेऊन आगाऊ खेळ ठेवायचे, म्हणजे शुक्रवारी सकाळी बोलणारी माणसं तयार असतात. जाहिरातीचा निम्मा पैसा प्रदर्शनानंतरच्या सोमवारपासून पुढे वापरायला राखून ठेवायचा. हे निर्मात्याला सगळ्यात जड जातं आणि नेमकं तेच केलं जात नाही. सोमवारी शुक्रवारच्या ऐंशी टक्क्यांवर गल्ला राहिला तर मंगळवारीच, पुढच्या आठवड्याचे शो ठरण्याआधी, आकडे घेऊन प्रत्येक साखळीच्या प्रोग्रामिंग विभागाशी बोलायचं, कारण बुधवारी वेळापत्रक पक्कं झालं की हातात काही उरत नाही.

आणि वाटणीचा करार. हळू वाढणाऱ्या चित्रपटासाठी पहिल्या आठवड्यात 45 टक्के घेऊन तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेच 45 टिकवायचे, असा प्रस्ताव मांडता येतो. वरच्या उदाहरणातल्या 4, 3, 2, 1 कोटींच्या चित्रपटाला त्याने पहिल्या तीन आठवड्यांत 4 कोटी 5 लाख आणि चौथ्यात 30 लाख मिळतात, म्हणजे 4 कोटी 35 लाख. आताच्यापेक्षा अडीच लाखच जास्त. थिएटरवाल्यासाठी हा फरक किरकोळ आहे, उलट पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे 20 लाख जास्त राहतात. त्या 20 लाखांच्या बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या शुक्रवारीही रात्रीचा तो एक शो काढणार नाही, एवढं त्याच्याकडून लिहून घ्यायचं.